रॉकेलचा डबा कोणाच्या भरवशावर?



महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा, कंत्राटीकरण हे या पानावरचे नेहमीचे विषय. या वेळी आम्ही रॉकेलच्या डब्यावर लिहीत आहोत, तेव्हा काही जणांना नवल वाटेल. "आता रॉकेल राहिले आहे कुठे?" असा प्रश्नही कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, गॅसच्या शेगड्या खेडोपाडी पोचल्या. त्याच सुमारास रेशनच्या रॉकेलचा भाव थोडाथोडा करून वाढवत नेला आणि १ मार्च २०२० पासून त्यावरचे अनुदान संपले. वीजही बहुतेक घरांत आली. सिग्नलच्या दिव्यात एल.ई.डी. आली, गार्डाच्या आणि गेटमनच्या हातात बॅटरीचा दिवा आला.

रॉकेलचा वापर असा कमी झाला, पण डबा घरातून गेला नाही. इटारसी, बिलासपूर, हुबळी, सिकंदराबाद, बडोदा, भुसावळ, कुठल्याही रेल्वे वसाहतीत जा. माळ्यावर, कॉटखाली, न्हाणीघराच्या कोपऱ्यात किंवा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अर्धा भरलेला एक डबा सापडतो. "असू द्या, वीज गेली तर उपयोगी पडेल," हे त्याचे कारण. खेड्यातल्या शाखा टपाल कार्यालयात, जे बहुधा ग्रामीण डाक सेवकाच्या घरातच किंवा भाड्याच्या खोलीत असते, तिथेही टपालाच्या थैलीशेजारी कंदिलाची बाटली उभी असते. आणि हे कारण खोटे नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन-मुरूडकडच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. त्या अंधारात ज्याच्या घरी कंदील आणि दोन लिटर रॉकेल होते तोच शहाणा ठरला. तेव्हा "रॉकेल ठेवूच नका" असा उपदेश आम्ही करणार नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, ठेवायचे असेल तर ते जाणीवपूर्वक ठेवा. साठवण दोन प्रकारची असते. एक ठरवून केलेली आणि दुसरी विसरून गेलेली. घात होतो तो बहुतेक वेळा दुसरीने.

बत्ती-खोलीची शिस्त कुठे गेली?

आमच्या वयाच्या कामगारांना स्टेशनवरची बत्ती-खोली आठवत असेल. सिग्नलचे, गाडीच्या शेपटाचे, गेटचे आणि हातातले सगळे दिवे रॉकेलवर चालत. संध्याकाळी बत्तीवाला दिवे घेऊन निघे, सिग्नलच्या शिडीवर चढे आणि सकाळी ते उतरवून आणी. हे काम हलके समजले जाई, पगारही हलकाच. पण त्या खोलीची एक शिस्त होती. खोली मुख्य इमारतीपासून बाजूला. दाराला कुलूप. बाहेर लाल रंगाच्या वाळूच्या बादल्या. आत विडी-काडीला बंदी. तेल मापाने द्यायचे आणि वहीत नोंदवायचे. डबा, नरसाळे, माप, पुसायची फडकी यांची जागा ठरलेली.

बत्तीवाल्याचे पद गेले, बत्ती-खोलीची गोदामे झाली, काही पाडली गेली. पद गेले तशी त्या पदाबरोबरची शिस्तही गेली. उरलेसुरले रॉकेल मात्र खोलीतून निघून कुठे स्टोअरमध्ये, कुठे गेट-झोपडीत, कुठे क्वार्टरमध्ये शिरले. पूर्वी त्याची जबाबदारी एका माणसावर होती, आता ती कुणाचीच नाही. आगीला अशीच जागा लागते.

"रॉकेल म्हणजे काही पेट्रोल नव्हे"

हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे आणि ते निम्मेच खरे आहे. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेते. रॉकेलचे तसे नसते. कोणत्याही तेलाची वाफ ठिणगीने पेट घेण्याइतकी जमते असे एक तापमान असते, त्याला ज्वलनांक म्हणतात. भारतीय मानकाप्रमाणे रॉकेलचा ज्वलनांक कमीत कमी ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. म्हणूनच कायद्याने पेट्रोलियमचे वर्ग पाडले आहेत. ज्वलनांक २३ अंशांच्या खाली असेल तर वर्ग 'अ', त्यात पेट्रोल येते. २३ ते ६५ अंशांपर्यंत वर्ग 'ब', त्यात रॉकेल येते.

आता विचार करा. ३५ अंश हे काय भट्टीचे तापमान आहे? नागपूर, चंद्रपूर, भुसावळ, इटारसी, बल्लारशाह या भागांत एप्रिल-मे महिन्यांत सावलीतला पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये तो आणखी चढतो. म्हणजे त्या शेडमध्ये ठेवलेले आपले 'निरुपद्रवी' रॉकेल दुपारभर ज्वलनांकाच्या वर असते. डब्याच्या तोंडाशी साचलेल्या वाफेला तेव्हा एक काडी, एक ठिणगी पुरते. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते आणि कोपऱ्यात, खड्ड्यात, गटारात साचून राहते. डिसेंबरात जो डबा दगडासारखा थंड बसलेला असतो, तोच मे महिन्यात पेट्रोलसारखा वागू शकतो. डब्याची जागा ठरवताना घरात तो कुठे मावतो हे पाहू नका. उन्हाळ्यात तिथे किती तापते हे पाहा.

कायद्याचेही एक सांगायला हवे. पेट्रोलियम कायदा १९३४ नुसार वर्ग 'ब' चे तेल एका जागी एकूण २५०० लिटरपर्यंत आणि एका भांड्यात १००० लिटरपेक्षा जास्त नसेल, तर परवाना लागत नाही. घरातले पाच-दहा लिटर त्याच्या कितीतरी खाली आहे. पण परवाना लागत नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ काढू नका. कायद्याने गोदामाचा विचार केला आहे, तुमच्या दहा बाय दहाच्या खोलीचा विचार तुम्हालाच करावा लागेल.

ठेवायचे तर कसे ठेवायचे?

पहिली गोष्ट, किती ठेवायचे ते ठरवा. दिवा रोजचा नसेल, केवळ अडीअडचणीला असेल, तर लहान कुटुंबाला दोन-तीन लिटर पुष्कळ झाले. स्वयंपाक स्टोव्हवर होत असेल तर महिन्याची गरज ठेवा. "मिळते आहे तोवर भरून ठेवू" ही वृत्ती धान्याच्या बाबतीत चालेल, तेलाच्या बाबतीत नको.

दुसरी गोष्ट भांड्याची. घट्ट आट्याचे झाकण असलेला, न गंजलेला पत्र्याचा डबा किंवा इंधनासाठीच बनवलेला जाड, अपारदर्शक प्लास्टिकचा कॅन घ्या. पाण्याची, सरबताची, औषधाची बाटली कधीही वापरू नका. ती पातळ असते आणि झाकणातून झिरपते, हे तर आहेच. त्याहून मोठे कारण म्हणजे तहानलेले मूल बाटली ओळखते, आतला पदार्थ ओळखत नाही. रॉकेल प्यायलेली लहान मुले सरकारी रुग्णालयांच्या डॉक्टरांना नवीन नाहीत. ज्या डब्यात पूर्वी पेट्रोल होते तो तर रॉकेलसाठी मुळीच घेऊ नका. तळाशी राहिलेले थोडे पेट्रोलही रॉकेलचा ज्वलनांक खाली आणते आणि स्टोव्ह भडकायला तेवढे पुरते. सुट्या बाजारातून घेतलेल्या रॉकेलला पेट्रोलचा वास येत असेल, तर ते घरात आणूच नका.

तिसरी गोष्ट भरण्याची. डबा काठोकाठ भरू नये आणि अर्धा रिकामाही ठेवू नये. तेल तापले की फुगते. २० लिटरचा डबा २० अंशांनी तापला तर आतले तेल सुमारे ४०० मिलिलिटरने वाढते. जागा नसेल तर ते झाकणातून बाहेर येते. उलट डबा अर्धा रिकामा असला की आत हवा आणि दमट वाफ राहते, रात्री थंडाव्याने तिचे पाणी होऊन तळाशी जमते. म्हणून वर चार बोटे जागा सोडा. साठा कमी झाला की मोठ्या डब्यात तळाशी न ठेवता लहान डब्यात काढा.

चौथी गोष्ट जागेची. डबा घराबाहेर, सावलीत, हवेशीर पण पावसापासून आडोसा असलेल्या जागी, कुलपाच्या पेटीत ठेवावा. ओल्या फरशीवर थेट ठेवू नये. खाली दोन विटा किंवा फळी घाला, म्हणजे तळ गंजणार नाही आणि गळती लगेच दिसेल. स्वयंपाकघरात गॅसच्या सिलिंडरशेजारी, देवघराजवळ, विजेच्या मीटरखाली, जिन्याखाली किंवा दाराच्या वाटेवर ठेवू नये. आग लागलीच तर बाहेर पडायची वाट डब्याने अडवता कामा नये. जिन्याखालची जागा सर्वांना सोयीची वाटते, पण चाळीत किंवा चार मजली क्वार्टरमध्ये ती सर्वात वाईट जागा, कारण सगळ्या बिऱ्हाडांची सुटकेची वाट तीच असते.

कामाच्या जागी आणखी दोन गोष्टी पाहा. गेट-झोपडीत आणि स्टेशनवर धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके, म्हणजे डिटोनेटर, पत्र्याच्या पेटीत असतात. त्यांच्या जवळपास रॉकेल नको. त्याचप्रमाणे संडास-मोऱ्यांसाठी आलेली ब्लीचिंग पावडर आणि तेल एका कपाटात नको. ब्लीचिंग पावडर तेलाच्या आगीला प्राणवायू पुरवते, आणि दोन्ही एकमेकांत मिसळले तर काडी न लावताही पेट घेऊ शकते. हे सफाई कामगारांना कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही मुद्दाम लिहीत आहोत.

तेल बिघडते कसे?

रॉकेल नासत नाही असा समज आहे. दुधासारखे ते नासत नाही हे खरे, पण वर्षानुवर्षे तसेच राहते असेही नाही. हवेतल्या प्राणवायूने त्यात हळूहळू चिकट राळ तयार होते. ऊन आणि उष्णता हे काम लवकर करतात. तांब्या-पितळेचा आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा संपर्कही ते वाढवतो. म्हणून पितळी स्टोव्हच्या टाकीत तेल भरून तो वर्षभर माळ्यावर टाकू नये, रिकामा करून ठेवावा. दुसरा शत्रू पाणी. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसते. पाणी आणि तेल जिथे भेटतात तिथे बुरशीसारखे सूक्ष्म जीव वाढतात. त्यांचा शेवाळासारखा साका वात आणि स्टोव्हचे बारीक छिद्र तुंबवतो. तुंबलेला स्टोव्ह आपण पिन मारतो, जास्त पंप मारतो आणि मग भडका उडतो. म्हणजे अपघात स्वयंपाकघरात होतो, पण त्याची सुरुवात दोन वर्षांपूर्वी डब्याच्या तळाशी झालेली असते.

झाकण घट्ट, जागा थंड आणि डबा स्वच्छ असेल तर रॉकेल दोन-तीन वर्षे कामाचे राहते. पण तेवढी वाट पाहू नये. आमची सूचना अशी की डब्यावर भरल्याची तारीख रंगाने लिहावी आणि दर वर्षी मृग लागण्यापूर्वी डबा उघडून पाहावा. थोडे तेल काचेच्या ग्लासात काढून तासभर स्थिर ठेवा. तळाशी थेंब दिसले तर पाणी आहे. गढूळ दिसले, गडद पिवळे झाले किंवा व्हार्निशसारखा वास आला तर ते दिव्या-स्टोव्हात घालू नका. चांगले असेल तर जुने आधी वापरा आणि डब्यात नवे भरा. तपासणी झाली की तो ग्लास पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका. रेशनचे रॉकेल निळ्या रंगाचे असते हे ध्यानात ठेवा. १९९३ च्या आदेशाप्रमाणे ते स्वयंपाक आणि उजेड यांखेरीज दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. नट-बोल्ट धुण्यासाठी घरचे निळे रॉकेल शेडमध्ये नेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आणि साहेबांनीही घ्यावे, कारण साफसफाईचे तेल पुरवणे हे प्रशासनाचे काम आहे.

घडू नये ते घडले तर

स्टोव्ह किंवा कंदील पेटलेला असताना त्यात तेल ओतू नका. विझवा, थंड होऊ द्या, मग नरसाळ्याने भरा आणि सांडलेले पुसूनच काडी ओढा. ती फडकी कोपऱ्यात गोळा करून ठेवू नका. हिवाळ्यात, धुक्याच्या दिवसांत गेट-झोपडीचे दार-खिडकी बंद करून आत स्टोव्ह पेटता ठेवून बसू नका. आगीपेक्षाही न दिसणारा विषारी वायू झोपेत घात करतो.

तेलाने पेट घेतला तर पाणी फेकू नका. तेल पाण्यावर तरंगते आणि आग खोलीभर पसरते. वाळू, माती, ओले पिळलेले पोते किंवा जाड सुती चादर वापरा, भुकटीचे आगविझवे असेल तर ते वापरा. अंगावर भडका आला तर पळू नये, जमिनीवर लोळावे, घोंगडी लपेटावी. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे थंड पाणी सोडावे. शाई, हळद, टूथपेस्ट यांपैकी काही लावू नये. मुलाने रॉकेल प्यायले तर उलटी करवू नये. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याची आपली जुनी सवय इथे जीवघेणी ठरते, कारण उलटी होताना तेल फुप्फुसात जाते. मूल ठीक दिसत असले तरी तडक रुग्णालयात न्यावे.

एक कटू गोष्टही लिहिली पाहिजे. रॉकेलच्या डब्याने आपल्या समाजात सुनांच्या जळण्याचा काळा इतिहास लिहिला आहे. "स्टोव्हचा भडका" या दोन शब्दांखाली किती प्रकरणे झाकली गेली, हे वसाहतीतल्या जुन्या भगिनींना ठाऊक आहे. १९८३ आणि १९८६ साली त्यासाठी फौजदारी कायद्यात खास कलमे घालावी लागली. घरातला डबा कुलपात असणे याला म्हणून आणखी एक अर्थ आहे. रागाच्या किंवा निराशेच्या एका क्षणी तो हाताशी नसला, तर तो क्षण निघून जातो आणि माणूस वाचतो. शेजारच्या क्वार्टरमधून रडण्याचा आवाज येत असेल तर "त्यांचा घरचा मामला" म्हणून दार लावून घेऊ नका.

गाडीत आणि टपालात नको

गावी रॉकेल स्वस्त मिळाले, म्हणून कॅन पिशवीत गुंडाळून पासावर प्रवास करणारे आपल्यातही आहेत. रेल्वे कायदा १९८९ चे कलम ६७ धोकादायक माल सोबत नेण्यास मनाई करते. कलम १६४ प्रमाणे त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, नुकसान झाले तर तेही भरून द्यावे लागते. पास असणाऱ्याला यातून सूट नाही. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकात उभ्या असलेल्या पर्यटकांच्या खासगी डब्यात चोरून आणलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जणांचे प्राण गेले. तिथे गॅस होता, पण चालत्या गाडीत सांडलेले पाच लिटर रॉकेल याहून सौम्य वागेल असे समजू नका. आगीची नुसती भीतीही माणसे मारते. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात परधाडे स्थानकाजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची अफवा उठली, प्रवाशांनी खाली उड्या टाकल्या आणि शेजारच्या रुळावरून येणाऱ्या गाडीखाली अनेक जण सापडले. ते दृश्य ज्या कामगारांनी आवरले, त्यांना विचारा.

टपालातूनही ज्वालाग्राही पदार्थ पाठवण्यास बंदी आहे. पार्सल घेताना तेलाचा वास आला, कागदावर डाग दिसला, तर खिडकीवरच्या आपल्या साथीने ते नाकारावे. "ओळखीचा माणूस आहे" म्हणून घेतलेले एक पार्सल आर.एम.एस.च्या डब्यातल्या साथींच्या जिवावर बेतू शकते.

हे युनियनचे काम आहे काय?

आमचे काही सहकारी म्हणतील, "सेक्रेटरीसाहेब, युनियनने हक्क मागावेत, डबे कसे ठेवावेत हे का शिकवावे?" त्यांना आमचे उत्तर असे. आग लागल्यावर चौकशी होते आणि त्या चौकशीत पहिला कागद निघतो तो परिपत्रकाचा. "क्वार्टरमध्ये, गेटवर ज्वालाग्राही पदार्थ ठेवू नयेत असे कळवले होते." मग ठपका कोणावर येतो? गेटमनवर, शाखा डाकपालावर, वर्ग चारच्या माणसावर. त्या गेटवर वीज रात्रभर टिकते का, बॅटरीचा दिवा चालतो का, त्याची बॅटरी किती दिवसांनी बदलून मिळते, हे त्या चौकशीत कोणी विचारत नाही. अंधारात काम करायला लावायचे आणि दिवा ठेवला म्हणून दोषी धरायचे, हा न्याय आम्हाला मान्य नाही. पण हे ठामपणे म्हणायचे तर आपले स्वतःचे घर आधी नीट असले पाहिजे. डबा कॉटखाली ठेवून आपण प्रशासनाकडे वाळूची बादली मागू लागलो, तर साहेब हसतील आणि त्यांचे हसणे चुकीचे ठरणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक गेटवर, रस्त्याकडेच्या स्टेशनवर आणि शाखा टपाल कार्यालयात वीज गेल्यावर चालेल असा दिवा आणि वेळेवर बॅटरी मिळावी, म्हणजे रॉकेलची गरजच उरणार नाही. जिथे अजून तेल ठेवावे लागते तिथे इमारतीबाहेर कुलपाची लोखंडी पेटी, वाळूच्या बादल्या आणि चालू स्थितीतले आगविझवे द्यावे. आग विझवण्याचे शिक्षण कामाच्या वेळेत, पगारी द्यावे, आणि वसाहतीत त्याचे प्रात्यक्षिक घरच्या मंडळींसमोरही व्हावे, कारण दिवसभर त्या डब्याशेजारी वावरतात त्या आपल्या घरच्या बायका. आणि शेवटची मागणी, जुने बिघडलेले रॉकेल कुठे द्यायचे याची सोय करावी. शेडमध्ये वापरलेले तेल जमा करतात त्याच पिंपात वसाहतीतले खराब रॉकेल स्वीकारले, तर कोणी ते गटारात किंवा विहिरीजवळ ओतणार नाही. यात मोठा खर्च नाही, फक्त इच्छा हवी.

शाखांनी आपल्या वाट्याचे कामही करावे. येत्या बैठकीत हा विषय घ्या. एका रविवारी वसाहतीत फिरा. कोणाला दोष न देता विचारा, "वहिनी, रॉकेलचा डबा आहे का? कुठे ठेवला आहे? शेवटचा कधी उघडला?" जिथे तो सापडेल तिथे जागा बदलून द्या, तारीख घाला, नको असेल तर एकत्र गोळा करून अधिकाऱ्यांच्या ताब्यात द्या आणि पोच घ्या. किती डबे निघाले, कुठे ठेवलेले होते, कोणत्या गेटवर दिवा चालत नाही, याची यादी करा. ती यादी आपल्या मागणीपत्राला जोडली की साहेबांना उत्तर देणे अवघड जाईल.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी आपली जुनी गत आहे. आपल्या बहुतेक वसाहती गावाबाहेर, गेट-झोपड्या तर रानात. तिथे बंब पोचेपर्यंत विझवायला काही उरत नाही. म्हणून तिथल्या आगीशी लढाई ती लागण्याआधीच करायची असते. यंदाचा उन्हाळा तापण्याआधी आपापल्या घरचा डबा एकदा उघडून पाहा आणि शाखेला कळवा.